जुन्या डिझेल इंजिनाचे ऑइल प्रयोगशाळेत : प्रकल्प नोंदी

८ जानेवारी २०२४ (२,४६,२०० किमी)

गाडी १९९६ ची. चार सिलिंडरचे, टर्बो नसलेले, इनडायरेक्ट इंजेक्शनचे डिझेल इंजिन, मेकॅनिकल पंप. ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे, पिस्टन ॲल्युमिनियमचे, वरच्या रिंगेला क्रोम. बेअरिंगचे शेल जुन्या पद्धतीचे : पोलादी पाठ, त्यावर तांबे-शिशाचा थर आणि सगळ्यात वर शिसे-कथलाचा पातळ मुलामा. ऑइल कूलर तांब्याचा.

हे आधीच लिहून ठेवतोय, कारण वापरलेले ऑइल प्रयोगशाळेत तपासले की रिपोर्टात लोह, क्रोमियम, शिसे अशी नुसती नावे येतात. ती कुठल्या भागातून झिजून आली हे आत काय बसवले आहे ते माहीत असेल तरच कळते. नव्या इंजिनांत ॲल्युमिनियम-कथलाची बेअरिंग सर्रास असतात. तिथे ॲल्युमिनियम वाढले की बेअरिंगचाही संशय घ्यावा लागतो. या इंजिनात ॲल्युमिनियम दिसले तर पिस्टन किंवा धूळ, तिसरे कोणी नाही.

इंजिन आजवर उघडलेले नाही. सकाळी पटकन चालू होते, ओढ ठीक आहे, ऑइल मात्र थोडे खाते. पाहणारा प्रत्येक जण 'आता इंजिनाचे काम करून टाका' असे सांगतो. इंजिन खोलायचे की नाही, हे वयावरून आणि किलोमीटरवरून न ठरवता ऑइलवरून ठरवायचे, एवढ्यासाठी हा उद्योग.

१२ जानेवारी (२,४६,३१० किमी)

दोन नमुने पाठवले. एक वापरलेल्या ऑइलचा, दुसरा त्याच कॅनमधल्या कोऱ्या ऑइलचा. दुसरा बहुतेक लोक पाठवत नाहीत. पण कोऱ्या ऑइलातच सिलिकॉन किती, सोडियम किती, बोरॉन आणि मॉलिब्डेनम आहे का हे माहीत नसेल तर पुढची वजाबाकी कशातून करणार? फेस होऊ नये म्हणून ऑइलात जे रसायन घालतात, त्यात बहुधा सिलिकॉन असते. काही कंपन्यांच्या ऑइलात सोडियमही मुद्दाम घातलेले असते, आणि तो आकडा पाहून लोक हेड गास्केट गेली, कूलंट ऑइलात आले म्हणून घाबरतात.

नमुना घेण्याची पद्धत : तासभर गाडी पळवून आणली, म्हणजे ऑइल गरम आणि सगळे नीट ढवळलेले. ड्रेन बोल्टच्या भोवतीची माती आधी पुसून काढली. बोल्ट काढल्यावर पहिली धार तशीच जाऊ दिली, कारण चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या, तळाचा गाळ तिच्यातच येतो. अर्धे ऑइल गेल्यावर मधल्या धारेखाली बाटली धरली. बाटली प्रयोगशाळेचीच. पाण्याची बाटली धुऊन वापरायची नाही, आतला ओलावा रिपोर्टात पाणी म्हणून उतरतो. फिल्टर उलटा करून त्यातले ऑइल तर मुळीच भरायचे नाही.

फॉर्मवर लिहिले : ऑइल १५डब्ल्यू-४०, चाललेले ५,२०० किमी, मधे वरून घातलेले ०.९ लिटर. हा शेवटचा आकडा फॉर्मवर सगळ्यात खाली छोट्या चौकटीत असतो आणि हमखास रिकामा सुटतो. त्याचे काम पुढे येईल.

इंजिन पूर्ण कोरडे असताना साडेसहा लिटर ऑइल मावते, पण बदलताना सहाच लिटर लागते. म्हणजे अर्धा लिटर जुने ऑइल गॅलऱ्यांत, कूलरमध्ये आत राहतेच. सुमारे ८ टक्के. पुढच्या प्रत्येक रिपोर्टात मागच्या ऑइलचे हे उष्टे वजा करावे लागणार.

१३ जानेवारी

जुना ऑइल फिल्टर उघडला. हॅकसॉने कापला तर करवतीचाच कीस आत पडतो आणि मग तो इंजिनाचा म्हणून मोजला जातो; म्हणून कडेवर फिरवायचा कटर वापरला. आतला घडीचा कागद कापून काढला, स्वच्छ कापडात गुंडाळून व्हाइसमध्ये दाबून ऑइल निथळवले, मग पांढऱ्या कागदावर उलगडला.

उजेड तिरका धरून एकेक घडी पाहिली. काळे, चकचकीत, मधेमधे काजळीचे कण; बोटाने चिरडले की त्यांची पूड होते. एका घडीत दोन चमचमणारे ठिपके. मॅग्नेट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरून फिरवला तेव्हा दोन्ही उठून पिशवीला चिकटले. म्हणजे लोखंडाचे. पिवळसर तांबूस किंवा मऊ करडी, म्हणजे बेअरिंगची, चकती एकही नाही.

हे घरीच करून घ्यायचे कारण असे की प्रयोगशाळेच्या आयसीपी यंत्राला (ऑइलातले धातू मोजणारे यंत्र) फक्त बारीक कण दिसतात, ढोबळमानाने ५ ते ८ मायक्रॉनपर्यंतचे. त्याहून मोठ्या कणाची यंत्राच्या तप्त प्लाझ्मात नीट वाफच होत नाही, त्यामुळे तो मोजला जात नाही. बेअरिंगचा पापुद्रा सुटला किंवा गिअरचा दात कुरतडला तर त्याचे तुकडे मोठे असतात. रिपोर्ट स्वच्छ आणि फिल्टरमध्ये चुरा, असे होऊ शकते. दोन्ही पाहायचे.

२७ जानेवारी

रिपोर्ट आला. आधी कोरे ऑइल :

१०० अंशांना व्हिस्कॉसिटी (ऑइलचा घट्टपणा) १४.६ सेंटिस्टोक, टीबीएन (आम्ल मारण्याची ऑइलची ताकद) १०.४, फ्लॅश पॉइंट (ऑइलची वाफ पेट घेते ते तापमान) २२८ अंश. कॅल्शियम ३,१००, जस्त १,२९०, फॉस्फरस १,१५०, सिलिकॉन ४, सोडियम ३, बोरॉन आणि मॉलिब्डेनम नगण्य. (धातू सगळे पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग.)

वापरलेले, ५,२०० किमी :

लोह ७१, क्रोमियम ६, ॲल्युमिनियम १४, तांबे १९, शिसे २२, कथील ३, सिलिकॉन ३८, सोडियम ६, पोटॅशियम २. व्हिस्कॉसिटी १४.२, टीबीएन ५.१, टॅन (ऑइलात साठलेले आम्ल) ३.०, काजळी १.४ टक्के, डिझेल २.८ टक्के, फ्लॅश पॉइंट १९२, पाणी ०.१ टक्क्याच्या आत.

खाली लाल अक्षरांत शेरा : लोह व सिलिकॉन वाढलेले, एअर फिल्टर तपासावा, शिशावर लक्ष ठेवावे.

शेरा शेवटी वाचायचा असे ठरवले होते, पण लाल अक्षरे डोळ्यांत आधी भरतात.

७१ पीपीएम लोह म्हणजे नक्की किती, हे एकदा करून पाहिले. साडेसहा लिटर ऑइलचे वजन साधारण ५.६५ किलो. किलोमागे ७१ मिलिग्रॅम, म्हणजे एकूण ४०० मिलिग्रॅम. पाव चमचाही नाही. लोखंडाचा एक लहानसा ठोकळा केला तर त्याची बाजू पावणेचार मिलिमीटर भरेल. चार लायनर, क्रॅंक, कॅम, टॅपेट, टायमिंग गिअर या सगळ्यांनी मिळून पाच हजार किलोमीटरमध्ये एवढे दिले. त्यामुळे आकडा लाल आहे म्हणून झोप उडवून घेण्यात अर्थ नाही, पण त्याची बाकीच्यांशी संगत कशी आहे ते मात्र पाहायला हवे.

२८ जानेवारी

एकेकटा धातू काही सांगत नाही. जोड्या लावून पाहायच्या.

सिलिकॉन आणि ॲल्युमिनियम : हवेतल्या धुळीत सिलिका असते तशीच ॲल्युमिनाही असते. म्हणून फिल्टर चुकवून धूळ आत शिरली की दोन्ही एकत्र चढतात, सिलिकॉन काही पट जास्त. इथे कोऱ्या ऑइलचे ४ वजा केले तर सिलिकॉन ३४ आणि ॲल्युमिनियम १४. ॲल्युमिनियम नुसत्या धुळीच्या मानाने जरा जास्तच आहे. वरचा वाटा पिस्टनचा. धूळ रिंगा आणि लायनरमध्ये घासली की पिस्टनही झिजणार, तेव्हा हे चित्राला धरूनच आहे.

क्रोमियम आणि लोह : वरची रिंग क्रोमची, लायनर बिडाचे. दोन्ही सोबत वर. म्हणजे झीज सिलिंडरच्या वरच्या टोकाला, जिथे हवेबरोबर धूळ आधी पोहोचते. लोह एकटेच वर असते आणि गाडी महिनोन् महिने उभी असती तर गंजाचा विचार केला असता. ही गाडी रोज चालते.

शिसे, तांबे, कथील : शिसे २२, कथील ३, तांबे १९. मुलामा शिसे-कथलाचा, त्याखाली तांबे-शिसे. मुलामा झिजतोय तोवर शिसे पुढे असते. मुलामा संपून खालचा थर उघडा पडला की तांबे झपाट्याने शिशाच्या मागोमाग येते. इथे तांबे १९ आहे, पण कूलर तांब्याचा असल्याने त्याचा भरवसा धरता येत नाही. ऑइलातले झीज रोखणारे जस्त-फॉस्फरसचे रसायन कूलरच्या तांब्याशी संयोग पावते आणि थोडे तांबे ऑइलात उतरवते. त्यात झीज काहीच नसते. शिसे आणि कथील हलल्याशिवाय तांब्यावर बोट ठेवायचे नाही.

सोडियम, पोटॅशियम : कूलंट आत येत असते तर हे दोन्ही उसळले असते. ६ आणि २. हेड गास्केटचा विषय इथेच बंद.

एक फसवा आकडा व्हिस्कॉसिटीचा. एसएई ४० साठी (१५डब्ल्यू-४० मधला ४० तो हाच) १०० अंशांना १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक चालतात, आपले १४.२. अगदी छान. पण डिझेल मिसळले की ऑइल पातळ होते आणि काजळी वाढली की घट्ट. दोन्ही दोष एकाच वेळी असले तर एकमेकांना झाकतात आणि व्हिस्कॉसिटी साळसूद दिसते. फ्लॅश पॉइंट मात्र झाकता येत नाही : २२८ चा १९२ झालाय. डिझेल खरोखरच आत जातेय. नमुना तासभर पळवून घेतला होता, तेव्हा छोट्या फेऱ्यांवर खापर फोडता येणार नाही.

मग दोन वेगवेगळी दुखणी : वरून धूळ, आणि कुठून तरी डिझेल. शिसे कुणाच्या खात्यावर, हे अजून उघड नाही. धूळ बेअरिंगपर्यंतही जाते. पातळ झालेल्या ऑइलाची फिल्म जर्नलवर (क्रॅंकचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) टिकत नाही हेही खरे. आणि ऑइल आंबट झाले तरी शिसे खाल्ले जाते. टॅन ३.० आहे, टीबीएन ५.१. आम्ल आणि अल्कली यांची गाठ पडायला अजून अंतर आहे, पण पूर्ण निर्दोषही म्हणता येत नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन्ही दुरुस्त्या एकदम केल्या आणि शिसे उतरले, तर कशामुळे ते कधीच कळणार नाही. आधी धूळ.

४ फेब्रुवारी

एअर फिल्टर बाहेर काढून उजेडासमोर धरला. कुठे भोक नाही, रबरी कड सगळीकडे सारखी दबलेली. डब्याचे झाकणही नीट बसते. रिपोर्टातल्या शेऱ्यावर थांबलो असतो तर नवा फिल्टर घालून मोकळा झालो असतो.

फिल्टरच्या पुढचा पाइप सोडवला. आत ओले पांढरे फडके बोटाला गुंडाळून फिरवले. फिल्टरनंतरचा पाइप असल्याने फडके तसेच यायला हवे. आले ते पिवळट करडे. दोन बोटांत चोळून पाहिले तर कचकच. मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या पाइपच्या) तोंडाजवळ जास्त, फिल्टरच्या बाजूला जवळजवळ नाही. म्हणजे शिरकाव मधेच कुठे तरी.

मधला होज घड्यांचा, खालची बाजू दिसतच नाही. काढून उलटा केला, वाकवला. खालच्या एका घडीच्या खाचेत बोटभर लांबीची चीर. सरळ धरला की चिरेचे ओठ मिटतात आणि काही दिसत नाही. वाकवला की उघडतात. इंजिन गिअर टाकताना हलते तेवढ्या हालचालीत ती उघडत असणार. क्लिप घट्ट, फिल्टर धड, आणि मधून धुळीला मोकळी वाट.

नवा होज बसवला. पाइप आतून धुऊन वाळवला आणि मॅनिफोल्डच्या अलीकडे आतल्या अंगाला ग्रीसचा अगदी पातळ हात दिला. महिन्याभराने उघडून पाहायचे. धूळ अजून येत असेल तर ग्रीसला चिकटलेली दिसेल.

१० मार्च

ग्रीस स्वच्छ.

१९ एप्रिल (२,४८,९१० किमी)

नमुना घेतला, ऑइल बदलले. फक्त २,६०० किमी चाललेले ऑइल फेकणे जिवावर येते, पण आधीच्या धुळीचे उष्टे लवकर बाहेर जावे म्हणून मुदत मुद्दाम अर्ध्यावर आणली. ऑइल वरून घालावे लागले नाही. फिल्टर उघडला, मॅग्नेटला काहीही लागले नाही.

५ मे

दुसरा रिपोर्ट : लोह ३४, क्रोमियम २, ॲल्युमिनियम ६, तांबे १०, शिसे १४, कथील १, सिलिकॉन १५. व्हिस्कॉसिटी १३.७, टीबीएन ७.६, टॅन १.९, काजळी ०.९, डिझेल ३.२ टक्के, फ्लॅश पॉइंट १९०.

शेरा : सर्व धातू मर्यादेत.

आता हिशेब. ५,२०० आणि २,६०० किमीचे आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही, दर हजार किमीला किती हे काढायचे. पहिल्या रिपोर्टात ०.९ लिटर ताजे ऑइल वरून घातले होते, म्हणजे जळालेल्या ऑइलाबरोबर काही धातू गेले आणि उरलेले पातळ झाले. दुरुस्ती सोपी आहे : वरून घातलेले ऑइल एकूण ऑइलच्या जितके टक्के, त्याच्या निम्म्याने आकडा वाढवायचा. ०.९ भागिले ६.५ म्हणजे १४ टक्के, निम्मे ७. लोह ७१ चे ७६ होते. दुसऱ्या रिपोर्टातून मागच्या उष्ट्याचे ८ टक्के वजा करायचे : ३४ मधून सुमारे ६ गेले, उरले २८.

दर हजारी लोह १४.६ होते, ते १०.८. क्रोमियम १.२ वरून ०.६. सिलिकॉन, कोऱ्या ऑइलचा वाटा काढून, ७ वरून ३. धुळीचे निदान बरोबर.

शिसे : आधी ४.५. आता १४ मधून उष्ट्याचे १.८ काढले, उरले १२.२, भागिले २.६. आले ४.७.

शिशाला होजचे काही देणेघेणे नव्हते. आकडा २२ चा १४ झाला म्हणून शेऱ्याने त्याला सोडून दिले, पण झिजण्याचा वेग होता तसाच आहे. टॅनही आता १.९ वर आहे आणि टीबीएन भरपूर, म्हणजे आम्लाचाही हात नाही. उरला आरोपी डिझेल.

डिझेलच्या टक्क्याला मात्र दर हजारीचा हिशेब लावायचा नाही. धातू साठत जातात, डिझेल साठते तसे उडतेही. लांबच्या गरम फेरीत बरेचसे वाफ होऊन ब्रेदरवाटे जाते. त्यामुळे निम्म्या अंतरात तेवढेच किंवा जास्त टक्के दिसणे यात नवल नाही. काजळी कमी झाल्यामुळे या वेळी झाकण निघाले आणि व्हिस्कॉसिटी १३.७ वर उतरलेली दिसली. तरी एसएई ४० च्या चौकटीत आहेच, म्हणून शेऱ्यात तिचा उल्लेख नाही.

११ मे

चारही इंजेक्टर काढून टेस्टरवर लावून घेतले. माझ्या इंजिनाला १३० बारला उघडायला हवेत. पहिला आणि चौथा ठीक. दुसरा १०५ लाच उघडला. फवारा न होता जाड धारच आली. तिसरा बरोबर उघडतो, पण दाब १२० वर नुसता धरून ठेवला तर टोकाशी थेंब जमतो, मोठा होतो आणि ओघळतो. नीट न जळालेले हे डिझेल लायनर धूत रिंगांच्या कडेने खाली चेंबरमध्ये उतरते.

टेस्टरवरचा मुलगा म्हणाला, "साहेब, दोनच बदला, बाकीचे चालतील अजून." चारही नोझल (इंजेक्टरची टोके) बदलले. दोन नवे आणि दोन अडीच लाख किलोमीटरचे असले की इंजिन थरथरतच राहते.

त्याच कामात टॅपेट कव्हरची गळती निघाली. गास्केट बदलले, कोपऱ्यांना सिलिकॉन सीलंट लावले. तारखेसह इथे लिहून ठेवतोय, पुढच्या रिपोर्टात कामाला येईल.

ऑइलही बदलले, दुसऱ्या नमुन्यानंतर फारसे चालले नव्हते तरी. जुने डिझेल मिसळलेले ऑइल तसेच ठेवून नव्या नोझलांची परीक्षा घेण्यात अर्थ नाही. उष्ट्याच्या हिशेबाला मात्र दुसऱ्या रिपोर्टाचेच आकडे धरणार. थोडी चूक झाली तर शिसे आहे त्याहून कमी दिसेल, हे ध्यानात ठेवून.

३० जुलै

नमुना घेतला. ऑइल ३,००० किमी चाललेले, वरून काही घातले नाही. काळा धूर गेलाय. डिपस्टिकवरच्या ऑइलला डिझेलचा वास येत नाही, पण नाकाचा पुरावा मी धरत नाही.

११ ऑगस्ट

तिसरा रिपोर्ट : लोह २४, क्रोमियम १, ॲल्युमिनियम ४, तांबे ९, शिसे ५, कथील १, सिलिकॉन २९. व्हिस्कॉसिटी १४.३, टीबीएन ७.९, टॅन १.७, काजळी ०.७, डिझेल ०.८, फ्लॅश पॉइंट २१६.

शेरा, पुन्हा लाल : सिलिकॉन वाढलेले, एअर फिल्टर व हवेचा मार्ग तातडीने तपासावा.

शिसे ५. उष्टे काढून दर हजारी १.३. आधी ४.७ होते. लोह ७.१ वर. ज्यासाठी हे सगळे केले ते इथे आहे, आणि शेऱ्यात त्याबद्दल एक अक्षर नाही. शेरा सिलिकॉनला धरून बसलाय.

सिलिकॉन १५ वरून २९, हे खरे. पण या वेळी त्याची संगत पाहा. ॲल्युमिनियम उतरलेले, क्रोमियम उतरलेले, लोह उतरलेले. धूळ एकटी येत नाही, येताना ॲल्युमिनियम आणते आणि आल्यावर रिंगा-लायनर घासते. हे सिलिकॉन एकटेच आलेय आणि कुणाला खरचटलेलेही नाही. टॅपेट कव्हरचे सीलंट. ताजे सीलंट गरम ऑइलात पहिले काही दिवस सिलिकॉन सोडत राहते. आयसीपीला वाळूतले सिलिकॉन आणि रबरातले सिलिकॉन यात फरक कळत नाही, अणू तोच.

तरी खात्रीसाठी प्रयोगशाळेत फोन केला. सीलंटबद्दल सांगितले. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "सर, ते शेरे सिस्टीमच टाकते. सिलिकॉन पंचवीसच्या वर गेलं की ते वाक्य आपोआप येतं. तुम्ही फॉर्मवर दुरुस्तीच्या रकान्यात लिहा, म्हणजे आम्ही हाताने बघू." लिहिले होते, पण तो कागद बाटलीसोबत राहिला आणि यंत्रापर्यंत गेला नाही, असे निघाले. त्यांनी शेरा बदलून पाठवला.

मर्यादा म्हणून जे आकडे छापलेले असतात तेही सगळ्या इंजिनांना एकच. त्यात वीस वर्षांपूर्वीचे इंजिन, परवाचे इंजिन, मोठा चेंबर, छोटा चेंबर सगळे आले. ही तपासणी मुळात रेल्वेतून आली : १९४६ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न रेल्वेने डिझेल इंजिनांच्या ऑइलातले धातू मोजून बिघाड आधी ओळखायला सुरुवात केली. त्यांच्याकडे एकसारखी कितीतरी इंजिने होती, एक वेगळे वागले की लगेच उठून दिसे. माझ्याकडे एकच आहे, त्याची तुलना त्याच्या स्वतःच्याच मागच्या रिपोर्टाशी करावी लागते.

ग्रीस लावलेला पाइप तरीही पुन्हा उघडून पाहिला. स्वच्छ.

१२ ऑगस्ट

एक प्रश्न कालपासून डोक्यात होता : जस्त आणि फॉस्फरस. कोऱ्या ऑइलात जस्त १,२९०. तिन्ही रिपोर्टांत १,२५० ते १,२८० च्या मधेच. याचा अर्थ झीज रोखणारे रसायन अजून शाबूत आहे असा घ्यायचा का? नाही. ते रसायन काम करता करता मोडते, पण त्यातला जस्ताचा अणू ऑइलातच राहतो आणि यंत्र अणू मोजते. ऑइलात दम उरलाय की नाही हे टीबीएन, टॅन आणि एफटीआयआर (इन्फ्रारेड किरणांची तपासणी) दाखवते त्या ऑक्सिडेशनवरून पाहायचे. जस्ताच्या आकड्याचा उपयोग एवढाच की वरून भलतेच ऑइल घातले गेले तर तो आणि कॅल्शियम लगेच बदलतात.

एक-दोन पीपीएमच्या चढउताराकडेही लक्ष द्यायचे नाही. कथील १ झाले की ३ झाले, क्रोमियम १ की २, एवढा फरक एकाच बाटलीतून दोनदा मोजले तरी पडतो. हेच क्रोमियमच्या दर हजारी आकड्यालाही लागू. लोह आणि सिलिकॉनच्या सोबतीने उतरले म्हणून मी त्याला मानले, एकटे असते तर मानले नसते.

२३ डिसेंबर (सुमारे २,५७,००० किमी)

नमुना. या वेळी पूर्ण ५,००० किमी चालवले, वरून अर्धा लिटर लागले. पहिल्या वेळच्या जवळपास निम्मे. फिल्टर उघडला : काजळी कमी, मॅग्नेट कोरडा.

६ जानेवारी २०२५

चौथा रिपोर्ट : लोह ४०, क्रोमियम २, ॲल्युमिनियम ५, तांबे १४, शिसे ७, कथील १, सिलिकॉन १२, सोडियम ४, पोटॅशियम १. व्हिस्कॉसिटी १४.५, टीबीएन ६.२, टॅन २.४, काजळी ०.९, डिझेल ०.७, फ्लॅश पॉइंट २१८.

सिलिकॉन आपोआप उतरले, हवेच्या मार्गाला हात न लावता. सीलंटच होते.

दर हजारी लोह ७.९. मागच्या वेळच्या ७.१ पेक्षा किंचित वर; वरून घातलेल्या ऑइलची दुरुस्ती आणि यंत्राच्या मोजणीतला फरक धरला तर तेवढेच. शिसे १.४. मागच्या वेळी उष्ट्याच्या अंदाजामुळे ते कमी दिसले असेल अशी शंका होती, तीही फिटली. तांबे दर हजारी २.८, मागच्या वेळी २.७, शिसे एवढे पडले तरी तांबे फारसे हलले नाही, म्हणजे ते बहुतांशी कूलरचेच.

टीबीएन अर्ध्याच्या वर आहे, टॅन त्याच्या खूप खाली. गेल्या जानेवारीत याच अंतराला ५.१ आणि ३.० होते. ऑइल आता जास्त टिकतेय, पण मुदत लगेच सात हजारांवर नेणार नाही. आणखी एक फेरी ५,००० ची, मग ६,०००.

गरम इंजिनाचा ऑइल प्रेशर गेजवर पाहिला : आयडलला आणि २,००० आरपीएमला, दोन्हीकडे मॅन्युअलच्या आकड्याच्या वर. शिशाचा वेग पडलेला, फिल्टरमध्ये चकती नाही, प्रेशर शाबूत. बेअरिंगचे शेल पाहण्यासाठी चेंबर उतरवायचा विचार रद्द केला. इंजिन न उघडता तसेच चालवायचे.

पुढचा नमुना ५,००० किमीला. शिसे दर हजारी २.५ च्या वर गेले आणि डिझेल तरीही एका टक्क्याच्या आत असेल, तर चेंबर उतरवायचा. डिझेलही चढले असेल तर आधी नोझल.